सुगीतलं मरण

ऑक्टोबरात कोणी मरू नये, असं माझ्या सासूबाईंचं ठाम मत होतं. सुगीच्या दिवसांत माणसांना मयतीला यायला सवड नसते. आली तरी त्यांचा एक डोळा आभाळाकडे असतो. आणि चर्चच्या तळघरात जेवण करणाऱ्या बाया आधीच शेतावर डबे पोचवून थकलेल्या असतात. "फेब्रुवारी बरा," त्या म्हणायच्या, "फेब्रुवारीत कोणाला काही काम नसतं." त्यावर दीर म्हणायचा, "मॉम, फेब्रुवारीत जमीन दगड झालेली असते, खड्डा कोण खणणार?" तर म्हणायच्या, "त्याचे पैसे मी आधीच भरून ठेवलेत."

गेल्या त्या १७ ऑक्टोबर २०२३ ला, मंगळवारी पहाटे. 'नॉर्थ एटी' नावाच्या शेतातलं सोयाबीन तेव्हा उभंच होतं.

हे शेत आयोवा राज्यात, ग्रंडी काउंटीत, वेल्सबर्ग नावाच्या छोट्या गावाजवळ आहे. त्याला 'आमचं' म्हणायला मला वीसेक वर्षं लागली. मी मूळची सांगलीकडची. १९९६ साली एम्सला, आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीत, मृदाशास्त्र शिकायला आले आणि वर्गातल्याच एका शेतकऱ्याच्या पोराशी लग्न करून राहिले. नवऱ्यानं शेती केली नाही, ती धाकट्या दिरानं केली. आम्ही तासाभराच्या अंतरावर एम्समध्येच घर केलं. सासूबाई शेवटपर्यंत शेतावरच्या घरात होत्या, सासरे २००४ मध्ये गेल्यावर एकट्या.

इथे जमीन मैलामैलाच्या चौकोनांत आखलेली आहे. एक चौरस मैल म्हणजे एक सेक्शन, ६४० एकर. त्याचा चतकोर १६०, चतकोराचा अर्धा ८०. शेतांची नावंही त्यावरूनच: होम क्वार्टर, नॉर्थ एटी. आमच्याकडे कशी चिंचेचा तुकडा, खालची मळी, म्हसोबाची पट्टी अशी नावं असतात. इथे सगळा हिशेब. सुरुवातीला मला ते फार रुक्ष वाटलं होतं. माणसंही तशीच वाटली होती.

चहानं ते थोडं बदललं. १९९८ च्या थँक्सगिव्हिंगला नवरा (तेव्हा तो नवरा नव्हता) मला पहिल्यांदा घरी घेऊन गेला. या भागातले बरेच लोक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओस्टफ्रीसलँडहून आलेले. जर्मनीच्या वायव्य कोपऱ्यातला, उत्तर समुद्राकाठचा हा सखल मुलूख चहासाठी ओळखला जातो. कॉफीवर जगणाऱ्या या प्रदेशात सासूबाईंच्या घरी म्हणून चहा व्हायचा. पातळ चिनी मातीचा छोटा कप. तळाशी एक खडा, त्याला त्या 'क्लुंट्ये' म्हणायच्या. त्यावर कडक काळा चहा ओतला की खडा तडकायचा. "ऐक," त्या म्हणाल्या, आणि खरंच बारीकसा कट्‌ असा आवाज आला. मग कडेकडेनं चमचाभर साय. मी ढवळायला चमचा उचलला तर त्यांनी माझं मनगट धरलं. ढवळायचं नाही. आधी साय लागते, मग कडू, मग तळाचं गोड. तीन कप घ्यायचे, आणि पुरे झालं की चमचा कपात ठेवून द्यायचा, नाहीतर वाढणारी थांबत नाही.

मी म्हटलं, "ही तर खडीसाखर! आमच्याकडे देवाच्या प्रसादाला देतात." त्यांना ते इतकं आवडलं की पुढे दर खेपेला मी सांगलीहून दोऱ्यातली खडीसाखर आणायची आणि त्या कात्रीनं दोरा कापून ती बरणीत भरायच्या. बरणीवर टेप लावून लिहायच्या: 'देवाची साखर'. इंग्रजीत, अर्थात.

२०२३ च्या जूनमध्ये त्यांना तिसऱ्यांदा हॉस्पिटलात न्यावं लागलं. हृदय थकलं होतं. पाय सुजायचे, फुप्फुसात पाणी साचायचं, चार पावलांत धाप लागायची. डॉक्टर औषधांचे पर्याय सांगत होते. सासूबाईंनी त्यांना मध्येच थांबवून विचारलं, "कणसं घरात येईतो असेन का?" डॉक्टरांनी पेन बंद केलं. मग हॉस्पिसचा विषय निघाला.

हॉस्पिस म्हणजे मरणाची वाट पाहणाऱ्यांची एखादी इमारत असते असं मला वाटायचं. तशा असतातही, पण इथे बहुतेक वेळा हॉस्पिस घरी येतं. रोग नेहमीच्या गतीनं पुढे गेला तर सहा महिन्यांच्या वर आयुष्य नाही, असं दोन डॉक्टरांनी लिहून दिलं की मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी विमा, खर्च उचलतो. १९८३ पासूनची ही सोय आहे. बदल्यात तुम्ही बरं होण्यासाठीचे उपचार सोडायचे. मन बदललं तर परत फिरता येतं. सासूबाईंनी सही केली आणि सही कशी वाकडी आली यावरून चिडल्या.

राहायला कोण, हा प्रश्न आला तेव्हा मी म्हटलं, मी. माझं काम लॅपटॉपवर चालतं हे एक कारण. दुसरं कोणाला सांगितलं नाही. २०२१ च्या मे महिन्यात माझी आई सांगलीत ऑक्सिजनच्या बेडवर गेली. मी इथे फोन धरून बसले होते. दादानं नंतर सांगितलं की त्यालाही चेहरा दुरूनच दाखवला. एका आईचं मरण मी पाहिलंच नव्हतं. दुसरीचं चुकवायचं नव्हतं.

बैठकीच्या खोलीत, दक्षिणेच्या खिडकीशी हॉस्पिटलचा पलंग लागला. ऑक्सिजनचं यंत्र स्वयंपाकघरात घरघरायचं आणि त्याची हिरवट नळी पंचवीस फूट लांब, कुत्र्याच्या पायात यायची. आठवड्यातून दोनदा नर्स, तीनदा आंघोळ घालायला मदतनीस. पास्टरबाई गुरुवारी. फ्रिजच्या दारावर कागद: हृदय बंद पडल्यास ते सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. फ्रिजच्या आत, रुबार्बच्या जॅमशेजारी, एक पांढरी पिशवी. तिच्यात मॉर्फिनची छोटी बाटली, घाबरेपणावर एक औषध, घशातली घरघर कमी करणारे थेंब, आणखी दोन-तीन गोष्टी. नर्सनं मला आणि नणंदेला बसवून शिकवलं. सुई नसलेली सिरिंज, पाव मिलिलिटर, म्हणजे पाच मिलिग्रॅम, गालाच्या आत सोडायचं. गिळता आलं नाही तरी चालतं. एवढ्याशा मात्रेनं माणूस मरत नाही, धाप कमी होते, हे तिनं तीनदा सांगितलं. तीनदा सांगावं लागतं म्हणूनच सांगत असणार.

तरी मी चुकले. सप्टेंबरच्या शेवटी एका रात्री त्यांना श्वास पुरेना. मी सिरिंज भरून हातात धरली आणि धीर झाला नाही. उशा बदलल्या, खिडकी उघडली, पाठ चोळली. दोन तास. शेवटी त्यांनीच बोटानं सिरिंजकडे दाखवलं. वीस मिनिटांत कपाळाच्या आठ्या गेल्या. ते दोन तास मी त्यांचे वाया घालवले, हे मला अजून डाचतं. वहीत मी वेळ खरी लिहिली: मागितलं १:१०, दिलं ३:०५. नर्सनं वाचलं, काही बोलली नाही.

पलंगावरूनही घर त्याच चालवत होत्या. दुपारी बारा म्हणजे बारा, 'डिनर'. इथल्या जुन्या लोकांत दुपारचं जेवण डिनर, रात्रीचं सपर, आणि 'लंच' म्हणजे दहाला किंवा चारला शेतावर न्यायची खायची वस्तू. दिराचं लंच पोचलं का, हे त्या ऑक्सिजन लावून विचारायच्या. माझ्या हातचे पोहे त्यांनी एकदा शेतावर पाठवायला लावले. कंबाइन, म्हणजे कापणी-मळणीचं यंत्र, चालवणाऱ्या पोरानं डबा पुसून परत पाठवला, यावर त्या दोन दिवस खूश.

रात्री बोलायच्या. सलग नाही. १९३३ चा जन्म. घरात वीज आली तेव्हा त्या सात वर्षांच्या. ग्रामीण विद्युतीकरणाचा कायदा १९३६ चा, पण खांब या वाटेला यायला काही वर्षं गेली. पहिल्या रात्री त्यांच्या आईनं दिवा लावला आणि भिंतींवरची काजळी पाहून रडायला लागली. दुसऱ्या दिवशी भिंती धुतल्या. हे सांगून त्या म्हणाल्या, "वीज आली म्हणजे काम वाढलं, एवढंच मला कळलं." एका खोलीची शाळा, आठ इयत्ता, एक बाई. १९५३ मध्ये लग्न. चार मुलं, त्यातलं एक तीन दिवसांचं गेलं. चर्चच्या दफनभूमीत त्याचा वीतभर दगड आहे. त्याच्याविषयी पंचवीस वर्षांत त्या माझ्याशी एकदाच बोलल्या होत्या, या रात्रींत दुसऱ्यांदा.

नॉर्थ एटीची गोष्ट मात्र त्या पुन्हा पुन्हा सांगायच्या. सासऱ्यांनी ती ऐंशी एकर १९७९ मध्ये कर्जावर घेतली. तेव्हा बँका मागे लागून कर्ज देत होत्या, जमीन दरवर्षी महाग होत होती. १९८० च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष कार्टरनं सोव्हिएत युनियनला धान्य विकायला बंदी केली. त्याच वर्षाअखेर व्याजाचे दर वीस टक्क्यांच्या वर गेले. आयोवात १९८१ साली एकराचा सरासरी भाव २,१४७ डॉलर होता, १९८६ मध्ये ७८७. कर्ज मात्र जुन्याच भावाचं. शेजारची माणसं पटापट जमिनीवरून उठली. काउंटीच्या कोर्टासमोरच्या हिरवळीवर लोक पांढरे क्रूस रोवायचे, गेलेल्या एकेका शेतासाठी एकेक. ऐंशीच्या दशकातली आयोवाची ही कहाणी ऐकताना मला विदर्भ आठवायचा. तुलना मी तोंडावर आणली नाही. त्यांना तुलना आवडत नसत.

सासूबाई शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागल्या. अंडी आधीपासून विकत होत्या, कोंबड्या दुप्पट केल्या. बँकेत सासऱ्यांबरोबर स्वतःची वही घेऊन गेल्या. त्या वहीत १९५३ पासूनचं प्रत्येक अंडं होतं. साहेबानं सासऱ्यांकडे पाहून प्रश्न विचारले, उत्तरं त्यांनी दिली. नॉर्थ एटी राहिली. शेजाऱ्यांच्या लिलावांना त्या सगळ्या गेल्या, पण एकदाही बोली लावली नाही. "जायचं. पाय विकत घ्यायचा, खायचा, घरच्या बाईशेजारी उभं राहायचं. तिचा ट्रॅक्टर स्वस्तात आणायचा नाही." पाय म्हणजे तो गोड पदार्थ. लिलावातसुद्धा चर्चच्या बायका टेबल मांडून तो विकायच्या.

सप्टेंबर संपता संपता त्या इंग्रजीतून सुटू लागल्या. आधी एखादा शब्द, मग वाक्यं. नवऱ्याला कळेना, दिराला कळेना. लहानपणी त्यांच्या घरात प्लाट बोलत, ओस्टफ्रीसलँडची जर्मन बोली. मुलांना त्यांनी ती शिकवली नव्हती. कारण मला त्यांच्याकडूनच कळलं होतं. १९१८ च्या मे महिन्यात, पहिल्या महायुद्धात, आयोवाचे गव्हर्नर हार्डिंग यांनी फर्मान काढलं की शाळेत, रस्त्यात, रेल्वेत, फोनवर, चर्चमध्ये इंग्रजीच बोलायचं. स्कॉट काउंटीत चार बायकांना फोनवर जर्मन बोलल्याबद्दल २२५ डॉलरचा दंड झाला. युद्ध संपल्यावर ते फर्मान मागे घेतलं गेलं, पण भीती घरात राहून गेली. सासूबाईंची आई तेव्हा शाळकरी पोर होती. तिनं आयुष्यभर बोली दार लावून बोलली. "बाहेर इंग्रजी, आत प्लाट, आणि जेवताना जर्मन. देवाला तेवढंच कळतं असं आजी म्हणायची," सासूबाई हसायच्या. माझ्या लेकीला मी मराठी शिकवायला बसायची तेव्हा त्या दाराशी उभ्या राहून ऐकायच्या. त्या बाबतीत त्यांनी मला कधी 'इंग्रजीत बोल' म्हटलं नाही. या घरात तसं म्हणणारे इतर होते.

आता त्या छताकडे बघत कोणाशी तरी बोलत होत्या आणि घरात कळणारं कोणी नव्हतं. मी चमच्यानं चहा भरवायची. कोमट, खडीसाखरेचा, साय न घातलेला. एकदा चमचा ओठाशी नेला तर त्यांनी हात जोडले. "कोम, हेर येझू, झाय उन्झर गास्ट." ये प्रभू, आमचा पाहुणा हो. जेवणाआधीची जर्मन प्रार्थना. पास्टरबाईंनी नंतर अर्थ सांगितला. मला त्या क्षणी फक्त एवढं कळलं की ही बाई चमचाभर चहाला पूर्ण जेवण समजतेय, आणि मी उगाच घाई करतेय.

१४ तारखेपासून खाणं थांबलं. पाय गार, गुडघ्यांवर निळसर जांभळी जाळी. नर्सनं आधीच सांगून ठेवलं होतं की काय काय होईल आणि कोणत्या क्रमानं. तसंच होत गेलं. श्वासांमध्ये खंड पडू लागले: वीस सेकंद, तीस, मग एक खोल श्वास आणि पुन्हा पळापळ. नणंद मिनिॲपोलिसहून आली. बाहेर दिराच्या धान्याच्या कोठ्यांचे ड्रायर अहोरात्र घोंघावत होते. मका वाळवायचे मोठे पंखे असतात ते. नणंदेनं खिडकी लावायला घेतली तर मी नको म्हटलं. त्या आवाजात सासूबाईंनी सत्तर वर्षं ऑक्टोबर काढला होता.

पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी एक खंड पडला आणि पुढचा श्वास आला नाही. खोलीत मी आणि नणंद. आम्ही दोघींनी घड्याळ पाहिलं, एकमेकींना पाहिलं, आणखी पाच मिनिटं बसलो. मग नवऱ्याला आणि दिराला उठवलं.

इथे एक गोष्ट आधीपासून माहीत असावी लागते: ९११ ला फोन करायचा नाही. केला तर रुग्णवाहिका येते, पोलीस येतात, कागद सापडेपर्यंत छाती दाबायला घेतात. हॉस्पिसच्या नंबरवर फोन करायचा. नर्स पन्नास मिनिटांवरून आली. तिनं छातीला नळी लावून ऐकलं आणि वेळ लिहिली, ५:२५. दाखल्यावर तीच वेळ आहे. सव्वा तास सासूबाई कागदोपत्री जिवंत होत्या. त्यांना हा हिशेबातला घोळ मुळीच खपला नसता. मग तिनं उरलेलं मॉर्फिन मोजलं, लिहिलं, मांजराच्या वाळूत ओतून पिशवी बांधली आणि विचारलं, आंघोळ घालायला कोण मदत करणार?

नणंद मागे सरली. मी पुढे झाले. कोमट पाणी, त्यांचाच साबण. पाठीवर उजवीकडे एक मोठा तीळ होता, तो मी पहिल्यांदा पाहिला. अर्ध्यावर नणंद आली आणि तिनं पाय धुतले. कोणी रडलं नाही. दीर गुरांना बघायला गेला. गुरं म्हणजे बारा वासरं, थांबली असती. पूर्वी मी याला कोरडेपणा म्हटलं असतं. या घरात माणूस दुःख झालं की हाताला काम शोधतो, आणि काम उरलं नाही की मात्र त्याची फार पंचाईत होते, हे मी सासरे गेले तेव्हा पाहिलं होतं.

फ्युनरल होमची माणसं साध्या व्हॅनमधून आली. नवऱ्यानं आईवर तिचीच गोधडी घातली.

पुढचं सगळं पिवळ्या पॅडवर लिहिलेलं होतं. २००५ साली लिहिलेलं, मधूनमधून खाडाखोड केलेलं. भजनं कोणती, कडवी किती ("चारही म्हणा, लोक मधली गाळतात"). शवपेटी ओकची, सोनेरी कड्या नकोत. मृत्यूची बातमीही स्वतःच लिहिलेली, तारखेची जागा मोकळी. वर सूचना: 'लढा दिला असं लिहू नये. मी लढले नाही, म्हातारी झाले.' पैसे आगाऊ भरलेले. तरी फ्युनरल होमला आम्हांला छापील दरपत्रक द्यावं लागलं. १९८४ पासून तसा केंद्राचा नियम आहे, एकेका गोष्टीची किंमत वेगळी दाखवायची. शवलेपन कायद्यानं सहसा सक्तीचं नसतं, पण तीन दिवस उघडी पेटी ठेवायची तर करतात. मला ते आवडलं नाही, आजही आवडत नाही. ज्या बाईनं आयुष्यात लिपस्टिक लावली नाही तिच्या ओठांना त्यांनी गुलाबी रंग दिला होता. नणंदेनं रुमाल ओला करून तो पुसला, आणि तेव्हा पहिल्यांदा ती मोठ्यानं रडली.

गुरुवारी दुपारी जेवायला बसलो होतो तर रस्त्यावर धूळ उठली. तीन कंबाइन, दोन धान्याच्या गाड्या, मागे मोठे ट्रक. शेजारी. कोणी विचारलं नव्हतं, कोणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या शेतातलं पीक उभं होतं. एक वाजता नॉर्थ एटीत शिरले, साडेचारला शेवटचा ट्रक को-ऑपच्या एलिव्हेटरकडे, म्हणजे सहकारी संस्थेच्या धान्याच्या कोठाराकडे, निघाला. जवळपास पाच हजार बुशेल, आपल्या मापात साडेतेराशे क्विंटल. मी आणि नणंद चारचं लंच घेऊन गेलो. सँडविचं, आणि माझे पोहे. त्यातला एक म्हातारा डबा हातात घेऊन म्हणाला, "तिनं आमच्या लिलावाला पाय घेतला होता. ॲपलचा." एवढंच बोलला आणि टायरवर टेकून खायला लागला.

शुक्रवारी भेटीची वेळ तीन ते सात. पेटीशेजारी आम्ही रांगेत उभे, समोरून माणसांची रांग. चार तास. प्रत्येकजण हात हातात घेतो, एक वाक्य बोलतो. पुरुष दिराला विचारायचे, "बीन्स काय पडले?" "बासष्ट." "चांगले पडले." एकराला बासष्ट बुशेल. आईच्या पेटीपाशी उताऱ्याची चौकशी ऐकून माझी लेक मला मराठीत म्हणाली, "आई, यांना लाज नाही का गं?" मी म्हटलं, थांब, बघ. दिराच्या चेहऱ्यावर त्या दोन शब्दांपुरती उसंत यायची.

पॅडवर पेटी उचलणाऱ्यांची सहा नावं होती. पाच नातू, आणि सहावं नाव खोडून त्यावर माझ्या लेकीचं. बाजूला बाण: 'ती दणकट आहे.' इथे पेटी खांद्यावर घेत नाहीत, कड्यांना धरून कमरेइतकी उचलतात. तरी मी सांगलीला फोनवर सांगताना 'खांदा दिला' असंच म्हटलं. पलीकडे माझी आत्या गप्प झाली. मग म्हणाली, "बरं केलं."

शनिवारी चर्च, मग दफनभूमी. हिरव्या मांडवाखाली खड्डा, त्यात काँक्रीटची पेटी बसवलेली. ती दफनभूमीची अट असते, जमीन खचू नये म्हणून. पास्टरबाईंनी मूठभर माती टाकली आणि सगळे निघाले. पेटी खाली सोडताना सहसा कोणी थांबत नाही. मी थांबले, नवराही थांबला. माझी सवय म्हणा, मी खड्ड्याच्या भिंती पाहत होते. वरून खाली काळीभोर माती, हातभर तरी खोल, मग तपकिरी, मग पिवळसर. कुंपणापलीकडच्या शेतात हा काळा थर इतका उरलेला नाही. दीडशे वर्षांच्या नांगरानं तो खूप वाहून गेलाय. दफनभूमीला नांगर लागला नाही, म्हणून तिथली जमीन शेतापेक्षा उंच दिसते. सासूबाईंना मी हे एकदा समजावून सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे चांगल्या जमिनीत जायला मरावं लागतं."

तळघरात जेवण. हॅमची सँडविचं, चीज घातलेले बटाटे, गाजर-अननसाची जेली, लोणचं, ट्रेभर गोड वड्या, पाणचट कॉफी. आणि एका कोपऱ्यात, कोणी ठेवली कळलं नाही, काळ्या चहाची किटली. वाढणाऱ्या बाया साठीच्या पुढच्या, दोघी तर ऐंशीच्या. त्यातली एक मला भांडी आवरताना म्हणाली की पुढच्या महिन्यात त्यांच्या गटाला एक माणूस कमी पडतोय. कोण कमी झालं होतं ते दोघींनाही माहीत होतं. मी म्हटलं, मी तासाभरावर राहते. ती म्हणाली, "मयतीला आदल्या दिवशी कळतं."

घरी लोकांनी जेवण आणलेली बावीस भांडी जमली होती. प्रत्येकाच्या बुडाला टेप आणि टेपवर नाव. ती घासून परत करायला मला आठ दिवस लागले. कारण भांडं दारात देऊन निघता येत नाही. बसावं लागतं.

जमिनीचं मात्र इतक्या नीट झालं नाही. सासूबाईंनी ट्रस्ट केला होता: जमीन आधी दिराला विचारायची, मूल्यांकनापेक्षा पंधरा टक्के कमी भावात, वीस वर्षांच्या हप्त्यानं. बाकी दोघांचे पैसे. २०२३ मध्ये राज्याचा सरासरी भाव एकराला अकरा हजार डॉलरच्या वर होता, इथली जमीन त्याहून चांगली. नणंदेनं हिशेब मांडला आणि म्हणाली, पंधरा टक्के माझ्याच आईनं माझ्या खिशातून काढले. दीर म्हणाला, पूर्ण भावानं घेतली तर सोयाबीन मला हप्ता फेडू देणार नाही. दोघांचंही खरं होतं. वकिलाच्या ऑफिसात तीन बैठका झाल्या, नाताळला दोघं एकत्र जेवले नाहीत. मला मधे पडायला सांगितलं तेव्हा मी नाही म्हटलं. मी स्वतः २०२२ मध्ये सांगलीला जाऊन दादाच्या नावे हक्कसोडपत्रावर सही करून आले होते. चहा-बिस्किटं खात, हसत. कायद्यानं अर्धा वाटा माझा असताना. मी कोणत्या तोंडानं नणंदेला समजूतदारपणा शिकवणार? मनातून तर मी तिच्याच बाजूनं होते. शेवटी मार्चमध्ये तिनं सही केली. हसली नाही.

दगड २००४ पासून उभा आहे. सासऱ्यांच्या नावाशेजारी त्यांचं नाव, १९३३, आणि एक रेघ. रेघेपुढे जागा कोरी. कोरणारा माणूस थंडीत येत नाही, त्यामुळे सगळा हिवाळा ती रेघ तशीच उघडी राहिली. २०२४ च्या मे महिन्यात त्याचा फोन आला. मी वेल्सबर्गलाच होते, एका मयतीच्या जेवणाचे बटाटे सोलत होते. हात पुसून गेले. त्यानं रबराचा छाप चिकटवला, कॉम्प्रेसर लावला, वाळूचा फवारा मारला. वीस-पंचवीस मिनिटं लागली असतील. छाप सोलून काढला, ब्रशनं धूळ झाडली आणि मला म्हणाला, आकडे बरोबर आहेत का बघा. मी बघितले, आणि परत बटाट्यांकडे गेले.